रोह्याहून दिमोनाकडे

कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. इथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी गाड्यांना पूर्ण खुला झाला आणि रोहा हे नाव वेळापत्रकात कायमचं पक्कं झालं. त्याच रोहा तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या मध्ये खांब आहे. वाहनचालकांना खांब म्हणजे एक नाका. डोंगर चढणाऱ्यांना मात्र तो चांगला ठाऊक असतो, कारण वैजनाथ, घेरासुरगड करत सुरगडावर जायची वाट खांबवरून आत वळते. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. त्यानंतर या पट्ट्यातल्या लोकांनी जी धूळ खाल्ली, तिच्याविषयी स्वतंत्र लेख लिहिता येईल. या भागातला माणूस रस्त्याची वाट बघत घरी बसला नाही, एवढं इथे सांगितलं तरी पुरे. तो मुंबईला गेला, पुण्याला गेला, आखातात गेला.

आता एक नवी पिढी निघाली आहे. ती नोकरीसाठी नव्हे, पाठीवर बॅग टाकून एकट्यानेच जग बघायला निघते. सुरगड, अवचितगड, घोसाळगड पावसाळ्यात पालथे घातलेल्या मुलामुलींना व्हिएतनाम किंवा जॉर्जिया आता फार लांब वाटत नाहीत. वसतिगृहातली खाट, रात्रीची बस, स्वस्त विमान ही सगळी माहिती त्यांच्या बोटांवर असते. हे चांगलंच आहे. पण जायचं कुठे हे ठरवताना सगळे तेच चार देश निवडतात, आणि पेण-रोह्याच्या माणसासाठी परदेशात एक पत्ता शिल्लक आहे याची आठवण फार थोड्यांना राहिली आहे.

तो पत्ता दिमोना, बेअर शेवा, अशदोद, लोद, रामला अशा गावांतला आहे. ही गावं इस्राईलमध्ये आहेत. तिथे ज्या घराण्यांची आडनावं रोहेकर, पेणकर, अष्टमकर, वाक्रूळकर, झिराडकर, किहीमकर अशी चालत आली, त्यांचं मूळ याच रायगड जिल्ह्यात आहे. वाक्रूळ पेण तालुक्यात आहे, तर अष्टमी कुंडलिकेच्या काठी रोह्याला लागून. ही माणसं बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरातल्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी ज्यांच्याशी विटीदांडू खेळला, शाळेत ज्यांच्या शेजारी पाटी धरली, ते मित्र १९५० आणि १९६० च्या दशकांत बिऱ्हाडं आवरून गेले. मैत्री आजोबांची आणि भेट नातवाची, असा हा प्रवास आहे. तो एकट्याने करण्यासारखा आहे आणि लवकर करण्यासारखा आहे, हे या लेखाचं म्हणणं.

हे लोक आले कसे, याची परंपरेने सांगितलेली हकिगत रायगडच्या किनाऱ्यावरचीच आहे. अलिबाग तालुक्यातल्या नवगावजवळ एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. बुडालेल्यांना जिथे पुरलं ती दफनभूमी नवगावला आजही दाखवतात आणि तिथे स्मारकस्तंभ उभा आहे. जहाज नेमकं केव्हा फुटलं यावर अभ्यासकांत एकमत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने मात्र या समाजाच्या रक्तात पश्चिम आशियाचा आणि भारताचा असे दोन्ही अंश असल्याचं दाखवलं. गावोगाव पसरलेल्या या कुटुंबांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. शेजारी मराठे, आगरी, कोळी, मुसलमान. भाषा सगळ्यांची एकच.

पुढे हा समाज शिकला, लष्करात गेला, रेल्वेत गेला, मुंबईत स्थिरावला. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. त्यानंतर कोकणातही एकेक उभं राहिलं: अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३, रोहा-अष्टमीला १८८२. १८८० च्या सुमारास समाजातल्या काही मंडळींनी कीर्तनाची मराठी रीत उचलली आणि अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्यानं साकी-दिंडीत लावून सांगायला सुरुवात केली. त्या पहिल्या फळीत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचं नाव येतं. अष्टमकर हे नाव वाचून रोहेकरांची मान ताठ व्हायला हवी. हायेम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापून आला १९३७ मध्ये, तोही तेल अवीवमध्ये. सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला जाऊन शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड, कवी निसीम इझिकेल, आणि पडद्यावर नुसतं ‘डेव्हिड’ म्हणून ओळखले जाणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर हेही याच समाजाचे.

१९४८ मध्ये या समाजाची संख्या २०,००० च्या घरात होती. इस्राईलची स्थापना झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक घरं रिकामी झाली. जाण्यामागे छळाचं कारण नव्हतं. भारतात ज्यूंना त्रास झाला नाही, हे तिथे गेलेले लोक आजही आवर्जून सांगतात. धर्माची ओढ होती, मुलांच्या भवितव्याचा विचार होता, आणि एक भाऊ गेला की दुसऱ्याचं मन लागत नसे. आज भारतात ज्यू उरले आहेत चार-पाच हजार, आणि त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने त्यांना २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राईलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५,००० ज्यू आहेत असं भारतीय दूतावास सांगतो, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा बेने इस्राईलांचा.

तिथे गेल्यावर दिवस सोपे नव्हते. समुद्रकाठच्या हिरव्या गावांतून आलेल्या माणसांना सरकारने नेगेवच्या वाळवंटात नव्याने वसवलेल्या वस्त्यांत पाठवलं. दिमोना १९५५ मध्ये वसलं. मोरोक्कोहून आलेले लोक तिथे आधीच होते, त्यांच्या शेजारी हे कोकणी संसार मांडले गेले. कापडाच्या गिरण्यांत आणि मृत समुद्राजवळच्या रासायनिक कारखान्यांत काम मिळालं. त्याआधी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून काही कुटुंबांनी धरणं धरलं, परत भारतात पाठवा अशी मागणी केली, आणि ती परतलीही. त्यांतली बरीच नंतर पुन्हा गेली. १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राईलांच्या विवाहांबाबत शंका घेऊन वंशावळ तपासायचा आदेश काढला, तेव्हा हा शांत समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरला. १९६४ मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. गांधीजींच्या देशातून आलेल्यांनी सत्याग्रह कसा करतात ते तिथे करून दाखवलं. दिमोनाच्या एखाद्या आजोबांसमोर बसायची संधी मिळाली, तर तरुण पाहुण्याने ही हकिगत मुद्दाम विचारावी. पुस्तकात ती दोन पानांत संपते. ज्याने धरणं धरलं त्याच्या तोंडून ती ऐकायला संध्याकाळ पुरणार नाही.

मराठी त्यांनी सांभाळली, आणि नुसती घरात सांभाळली असं नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्राईलमध्ये १९८० च्या दशकापासून निघत आलं आहे. नोहा मासिल यांनी त्याचं संपादन वर्षानुवर्षं केलं. १९९६ मध्ये जागतिक मराठी परिषदेचं संमेलन इस्राईलमध्ये भरलं आणि महाराष्ट्रातले लेखक तिथे जाऊन आपल्याच भाषेत बोलून आले. लग्नाआधी मेंदी लागते, हिरव्या बांगड्या भरतात. क्रिकेटही तिथे नेलं ते बऱ्याच अंशी याच लोकांनी. इस्राईल १९७४ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा सहयोगी सदस्य आहे, आणि बेअर शेवा, दिमोना, अशदोदच्या संघांत भारतीय आडनावं वर्षानुवर्षं खेळत आली आहेत. खांबच्या मैदानावर टेनिस चेंडूवर वाढलेल्या मुलाला तिथे ओळख काढायला दुसरा विषय लागणार नाही.

पण तिसऱ्या पिढीचं मराठी आटत चाललं आहे, हे सत्य आहे. नातवंडं हिब्रूत विचार करतात. मराठी समजतं, उत्तर हिब्रूत येतं. ज्यांना रोह्याचा बाजार, अष्टमीचा पूल, धावीर महाराजांची पालखी डोळ्यांनी पाहिल्याचं आठवतं, त्यांची वयं आज ऐंशीच्या पुढे आहेत. लवकर जा म्हणायचं कारण तेच.

एकट्याने का? मराठी माणसाच्या परदेश प्रवासाला सहलकंपनीची सवय लागली आहे. ती सवय वाईट नाही, ज्येष्ठांना तिचा मोठा आधार असतो. पण चाळीस जणांची बस दिमोनाला एखाद्या काकूंच्या दारात थांबू शकत नाही. एकट्याला मात्र घरात घेतात, जेवायला वाढतात, बैठकीत पथारी घालून देतात. एकट्याकडे वेळापत्रक नसतं, म्हणून आजींनी “उद्या जा” म्हटलं तर त्याला राहता येतं. पाठीवरच्या बॅगेचा खरा उपयोग हा आहे.

या वाटेला आपल्याकडे पूर्वजही आहेत. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेत गेले, आणि बंडाच्या धामधुमीत झाशीपर्यंत जे पाहिलं ते ‘माझा प्रवास’मध्ये लिहून गेले. ते पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं. दक्षिणा मिळवायला निघालेला माणूस वाटेत ज्यांच्या ज्यांच्या घरी उतरला, त्या घरांमुळे त्याचं पुस्तक घडलं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या ज्यांच्या घरी निघाल्या होत्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. ओळख होती ती पत्रांतली. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या त्या घरात आनंदीबाई राहिल्या, कार्पेंटरबाईंना मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या अस्थी पुढे पोकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत विसावल्या. परदेशातल्या मैत्रीला किती खोली असू शकते, याचं याहून मोठं उदाहरण मराठीत सापडणार नाही. आणि अगदी अलीकडे परभणीचे पत्रकार विष्णुदास चापके २०१६ ते २०१९ या काळात एकट्याने, जमिनीवरून आणि समुद्रावरून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकटं जाणं मराठी माणसाला जमतं.

तर वाट कशी आहे? इस्राईलला जायला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो. तिथल्या यजमानांचं निमंत्रणपत्र, त्यांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक जवळ असला तर काम सुकर होतं. ही कागदपत्रं विमानतळावरही हाताशी ठेवावीत, कारण एकट्याने हिंडणाऱ्या तरुणाकडे तिथले सुरक्षा अधिकारी बारीक चौकशी करतात: कुणाकडे निघालात, त्यांना कसे ओळखता, बॅग कुणी भरली. हे प्रश्न सगळ्यांना विचारतात, त्यात अपमान मानू नये. “माझे आजोबा आणि ते एका वर्गात होते” हे खरं उत्तर आहे आणि ते शांतपणे द्यावं. बेन गुरियन विमानतळाच्या पोटातच रेल्वेचं स्थानक आहे. तिथून तेल अवीव करत बेअर शेवा, आणि बेअर शेवाहून साधारण ३५ किलोमीटरवर दिमोना.

दिवस ठरवताना मात्र खबरदारी घ्यायलाच हवी. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणच्या बस आणि आगगाड्या थांबतात, त्या शनिवारी रात्र पडेपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी विमानतळावर उतरलेला पाहुणा एक तर टॅक्सीला पैसे मोजतो किंवा यजमानाच्या साबाथमध्ये, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीत, खोळंबा करतो. गुरुवारी पोचावं. मग शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागताना घरात बसायला मिळतं, आणि सबंध शनिवार कुणालाच कुठे जायचं नसतं. घर साबाथ कडक पाळणारं असेल तर त्या दिवशी फोन काढू नये, बटणं दाबू नयेत, फोटो तर मुळीच घेऊ नयेत. दिमोनाजवळ देशाचं अणुसंशोधन केंद्र आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही हेही लक्षात ठेवावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे मोठे सण एकापाठोपाठ येतात. त्या दिवसांत आमंत्रण असेल तर भाग्य, नसेल तर आधी विचारून घ्यावं.

न्यायचं काय, हा प्रश्न पेण-रोह्याच्या माणसाला पडूच नये. पोहे. पेणच्या पोहे गिरण्यांचं नाव महाराष्ट्रभर आहे, रोह्यातही गिरण्या आहेत, आणि बेने इस्राईलांचा सर्वांत आपला असा विधी पोह्यांशिवाय होत नाही. मलिदा म्हणतात त्याला. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि सुका मेवा घालायचा, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हनबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. लग्न, नवं घर, नवस फिटणं, परगावी निघणं, अशा प्रत्येक प्रसंगाला मलिदा असतो. जगातल्या इतर ज्यूंकडे हा विधी अशा रूपात नाही. तो कोकणचा आहे, भातशेतीतून आलेला. घरी केलेले लाडू-चिवडा नेण्याऐवजी कोरडे पोहे, आमसुलं, अख्खा मसाला नेलेला बरा. पुष्कळ घरांत कोशेरचे, म्हणजे ज्यू आहाराचे, नियम पाळतात, आणि दुसऱ्याच्या भांड्यात शिजलेलं त्यांना चालेलच असं नाही. मांस आणि दूध ते एकत्र शिजवत नाहीत, म्हणून त्यांच्या कोंबडीच्या रश्शात दही-मलई नसते, नारळाचं दूध असतं. आपल्या किनाऱ्यानेच त्यांची ही अडचण सोडवली. तिथे जेवायला बसलेल्या रोहेकराला पहिल्या घासाला परकं वाटण्याचं कारण नाही.

गाठीभेटी झाल्या की बॅग पुन्हा पाठीवर घ्यावी. सह्याद्रीत पाय तयार झालेल्यांसाठी तिथे फार सुंदर वाट आहे. ‘श्विल इस्राईल’ म्हणजे देशाच्या उत्तर टोकाच्या दानपासून दक्षिणेला एलातपर्यंतची पायवाट, १,००० किलोमीटरहून लांब, १९९५ मध्ये आखून पूर्ण केलेली. तीन रंगांच्या पट्ट्यांच्या खुणा दगडांवर रंगवलेल्या असतात. दिमोना आणि येरुखाम या दोन गावांजवळ ती नेगेवमधल्या दोन प्रचंड खळग्यांतून जाते. उल्केने किंवा ज्वालामुखीने नव्हे, तर पाण्याच्या झिजेने वरचा कठीण थर फुटून आतला मऊ खडक वाहून गेला आणि हे खळगे झाले. अशी भूरचना जगात फार थोड्या ठिकाणी आहे. कोकणातल्या ट्रेकरने इथे एक गोष्ट नव्याने शिकायची आहे: पाणी. सुरगडावर जसं टाकं सापडतं तसं इथे काही सापडत नाही. नेगेवच्या टप्प्यांत लोक आधी जाऊन पाण्याचे साठे पुरून ठेवतात. उन्हाळ्यात तिकडे फिरकू नये, हिवाळ्यात लांब कुठेतरी पाऊस पडला तरी कोरड्या नाल्याला अचानक लोंढा येतो. वसंतात किंवा शरदात चालावं. या वाटेवर ठिकठिकाणी अशी घरं आहेत जी चालणाऱ्यांना पैसे न घेता रात्रभर आसरा देतात, त्यांच्या याद्या ट्रेकरांत फिरत असतात. परक्याला दार उघडण्याची ही रीत वारीच्या वाटेवरच्या गावांना सांगायला नको.

एकट्याने पाठीवर बॅग टाकून हिंडणं ही गोष्ट तिथल्या तरुणांना नवी नाही. सक्तीची लष्करी सेवा संपली की दरवर्षी हजारो मुलंमुली महिनोन् महिने जगभर फिरायला निघतात, आणि त्यांचा एक मोठा लोंढा भारतात येतो. गोवा, कसोल, धरमशाला इथे हिब्रू पाट्या लागल्या त्या त्यांच्यासाठी. त्यांतल्या काहींची आजी मूळची कोकणातली असते. ही मुलं गोव्याला जाताना कोकण रेल्वेने रोह्यावरून जातात. आजीचं गाव खिडकीतून गेलं हे त्यांना कळतही नाही.

या प्रवासाबद्दल लिहिताना युद्धाकडे पाठ फिरवता येणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर इस्राईल आणि गाझा यांच्यावर जे ओढवलं त्यात हजारो माणसं मेली, गाझा उद्ध्वस्त झालं, आणि दोन्हीकडची घरं अजून शोकात आहेत. विमानसेवा कितीदा तरी बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. जून २०२५ मध्ये इराणबरोबरच्या संघर्षात तर आकाशच बंद होतं. दिल्लीहून तेल अवीवला थेट विमान मार्च २०१८ मध्ये सौदी अरबस्तानावरून उडू लागलं तेव्हा अंतर अचानक कमी वाटलं होतं. ती सोय कायमची गृहीत धरता येत नाही. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये, आणि यजमान “आत्ता नको” म्हणाले तर तो शब्द प्रमाण मानावा. पण आपल्या ओळखीच्या वृद्धांनी तिथे बंकरमध्ये रात्री काढल्या, हे ठाऊक असताना निदान फोन करण्यापासून कुणी अडवलेलं नाही. युद्धाच्या राजकारणाबद्दल पाहुण्याचं मत काहीही असो, भेट माणसाची असते. आणि ऐकायची तयारी असेल तर दिमोनाच्या घरातही या युद्धाबद्दल एकच मत नसतं.

उलटी वाट मात्र कोकणातल्या लोकांनी पाहिलेली आहे. इस्राईलहून कुटुंबं येतात, नवगावच्या दफनभूमीत उभी राहतात, अलिबागच्या इस्राईल आळीत आजोबांचं घर शोधतात. सागाव-खंडाळ्याजवळच्या ज्या कातळावर एलियाहू हनबीचा रथ टेकला असं मानतात, तिथे मलिदा करतात. गावकरी त्यांना रस्ता दाखवतात, चहा पाजतात, आणि कुणीतरी म्हातारं माणूस “अरे, तू अमक्याचा नातू का?” म्हणून पुढे येतं. या भेटी वर्षानुवर्षं चालू आहेत आणि त्यांचा सगळा भार तिकडून येणाऱ्यांनी उचलला आहे. सत्तर वर्षांत आपण किती जण गेलो? अधिकारी गेले, लेखक गेले, शेतीतलं ठिबक सिंचन बघायला शेतकऱ्यांची शिष्टमंडळं गेली. शेजारी म्हणून कितीजण गेले, हा प्रश्न रायगडकरांनी स्वतःला विचारायला हवा.

ही गोष्ट बेने इस्राईलांपुरती मर्यादित नाही, हेही सांगायला हवं. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड पट्ट्यातली कोकणी मुसलमान कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आखातात आहेत, आणि केप टाऊनमध्ये तर कोकणातून गेलेल्यांची शंभर वर्षांहून जुनी वस्ती आहे. पेणच्या मूर्तिशाळांतले गणपती जिथे जिथे बोटीने जातात, तिथे तिथे ते उतरवून घेणारं एक मराठी घर असतं. खांबच्या तरुणाने नकाशा उघडावा आणि त्यावर आपल्या तालुक्यातली माणसं कुठे कुठे आहेत त्या खुणा आधी कराव्यात. प्रेक्षणीय स्थळं नंतर. ती कुठे जात नाहीत.

तेव्हा या दिवाळीत एवढं करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, शाळेत तुमच्याबरोबर कोण होतं आणि ते कुठे गेलं. नाव, आडनाव, वडिलांचं नाव, आळी, जायचं साल, जे आठवेल ते लिहून घ्या. जुन्या ट्रंकेत एखादं पत्र, लग्नाची पत्रिका, शाळेचा सामूहिक फोटो सापडतो का ते बघा. मुंबई-ठाण्यातल्या सिनेगॉगमध्ये जाऊन चौकशी करा. तिथली मंडळी मदत करतात, कारण त्यांचे निम्मे नातेवाईक तिकडेच आहेत. पत्ता हाती लागला की मराठीत पत्र लिहा, फोन करा, आणि ते “ये” म्हणाले की पासपोर्टचा अर्ज भरा. आधी परवानगी घेऊन जमलं तर रोहा-अष्टमी आणि पेणच्या सिनेगॉगचे चांगले फोटो काढून न्या. ते बघणारे डोळे तिथे अजून आहेत.